आपला कचरा आपल्या पिशवीत

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते वर्गाच्या दारातून स्वतःच आत येतात, बहुतेक वेळा लेक्चर निम्मं झाल्यावर. माझ्याकडचे निम्म्याहून अधिक किस्से गेल्या वर्षीच्या एकाच आठवड्यात जमले. मी वसईतल्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवते. विषय सगळ्यांना सक्तीचा, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. मी मात्र घेते. चौदा वर्षांच्या नोकरीत बसले नसतील तेवढे धक्के मला त्या सात दिवसांत बसले. शेवटी मार्क कसे दिले, ते मात्र विचारू नका.

कल्पना माझीच. रविवारपासून सात दिवस कोणी सुका कचरा टाकायचा नाही. तो कापडी पिशवीत भरायचा आणि जाऊ तिथे बरोबर न्यायचा. शनिवारी वजन. नियम एकच ठेवला होता, जो कचरा तुमच्या हाती येईल तो तुमचा. पिशवी जितकी हलकी, तितके प्रोजेक्टचे मार्क जास्त.

"आणि मॅडम, तुम्ही?" सायलीने विचारलं.

"मीसुद्धा."

म्हणताना मनात आलं, ही पोरं मला काय हरवणार.

*

सोमवारीच पार्सल आलं. 'प्लॅस्टिकला नाही म्हणा' असे चाळीस बिल्ले मी मुलांसाठी ऑनलाइन मागवले होते. खोकं उघडलं आणि मी बघतच राहिले. प्रत्येक बिल्ला वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि सगळ्यांभोवती फुगेवाल्या प्लॅस्टिकचे चार वेढे.

पहिल्या बाकावरचा जेन्सन अगदी सज्जन चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, हे पार्सल कोणाच्या हाती आलं?"

सही शिपाईमामांनी केली होती. मी म्हटलं, "शिपाईमामांच्या."

मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

सायली आचोळ्यात माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते. मंगळवारी संध्याकाळी तिच्या आईने मला गेटपाशी गाठलं. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, मुलगी आजारी पडली.

"मॅडम, तुमच्या प्रोजेक्टपायी ती तीन दिवस कशाला हात लावत नाहीये. दुधाची पिशवी मी फोडायची, बिस्किटाचा पुडा मी फोडायचा. आज सकाळी शॅम्पूची पुडी मी कापून तिच्या तळहातावर ओतली. वर म्हणते, आई, पुडी तुझ्या हाती आली. तुम्ही हेच शिकवता का?"

 कचरा कमी करायला सांगितला होता, तर तिने तो नुसता आईच्या नावावर केला होता. घरी येताना शिपाईमामा आठवले, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

*

जेन्सनच्या घरची वाडी आहे, केळीची आणि भाजीची. बुधवारी त्याने जेवण केळीच्या पानात बांधून आणलं, वरून केळीच्याच सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोरा. ना डबा, ना पिशवी. मी ते पुडकं हातात धरून वर्गाला दाखवलं आणि त्याचं चिक्कार कौतुक केलं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"मॅडम, आमच्याकडे हे आधीपासूनच आहे. पप्पा जुड्या सोपटानेच बांधतात. शाळेत असताना मी रोज पानातच न्यायचो. कॉलेजात लाज वाटायला लागली, म्हणून प्लॅस्टिकचा डबा घेतला."

मी चाट पडले. स्लाइड दाखवून मी जे शिकवत होते, ते पोरगा आमच्या वर्गात येऊन विसरला होता. मला खरंच वाईट वाटलं.

मग सगळ्यांनाच पानं हवी झाली. दुसऱ्या दिवशी जेन्सन चाळीस पानं घेऊन आला. हिरवीगार, एकही फाटलेलं नाही. सुकू नयेत म्हणून त्याच्या मम्मीने ती मोठ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिली होती.

*

गुरुवारी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"शनिवारच्या कार्यक्रमाला नवा फ्लेक्स छापू नका. गेल्या वर्षीच्या कळंब किनाऱ्यावरच्या सफाई मोहिमेचा असेल ना? तोच वापरा. तुमचाच विषय आहे."

बोलणं बिनतोड होतं. तो फ्लेक्स चांगला दहा फुटी होता. 'समुद्र स्वच्छ, मन स्वच्छ', आणि एका कोपऱ्यात माझा फोटो, जरा मोठाच आलेला. आम्ही कपाटं पाहिली, जिमखाना पाहिला, स्टेजच्या मागे पाहिलं. फ्लेक्स कुठेच नाही.

मी थेट वर्गात गेले आणि शिकवणं बाजूला ठेवून पूर्ण तास जबाबदारी या विषयावर बोलले. "कॉलेजची एक वस्तू सांभाळता येत नाही, तुम्ही पृथ्वी काय सांभाळणार?" हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. समोर बसलेली मुलं पहिल्या वर्षाची होती, त्या मोहिमेच्या वेळी ती कॉलेजात नव्हतीच, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

शेवटच्या बाकावरून विनीतने हात वर केला.

"तू तर बोलूच नकोस," मी म्हटलं. त्याने हात खाली घेतला.

विनीत कळंबचा. वडिलांची मासेमारीची होडी आहे आणि मदतीला दुसरं कोणी नाही. भरतीची वेळ कॉलेजचं टाइमटेबल बघून येत नाही, त्यामुळे याची हजेरी कायम कमी. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, या प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले तरच टर्म ग्रँट होईल, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. तो फक्त "व्हय मॅडम" म्हणाला होता.

*

शनिवारी जेन्सनने वाडीवरचा काटा आणून वर्गाच्या दाराला टांगला. त्याची पिशवी चारशे ग्रॅम भरली, त्यात त्या पानांचं प्लॅस्टिकच जास्त. सायलीची फक्त साठ. पण तिच्या आईने वरून एक भरगच्च पिशवी धाडली होती आणि त्यावर चिठ्ठी होती, 'हा सायलीचाच'. ती धरून दीड किलो.

माझी एकशे दहा ग्रॅम. सात दिवस मी बिस्किटाला शिवले नव्हते, चहा घरच्या पेल्यातून प्यायले होते. वर्गात सगळ्यात हलकी पिशवी माझी. फोटोसाठी ती मी हातात उंच धरली होती, तेवढ्यात विनीत आला. खांद्यावर गोणी. वर्गात खाडीच्या चिखलाचा वास पसरला.

"हे काय?"

"सात दिसांचा कचरा, मॅडम."

"एवढा? घरातला?"

"घरचा ह्यो." त्याने खिशातून गोळ्यांचं एक रिकामं पाकीट आणि वेफर्सच्या दोन पुड्या काढल्या. "बाकी जाल्यात आला. तुमी म्हनालात, हाती येल तो आपला. मंग परत पान्यात कसा टाकनार?"

मुलं हसली. मग गोणी काट्याला लावली आणि हसायचं थांबलं. काटा टोकाला जाऊन टेकला. "वीस किलोच्या पुढे हा दाखवतच नाही," जेन्सन हळूच म्हणाला.

सायलीने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मॅडम, विनीत परीक्षेला बसणार नाही?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. नियम माझाच होता, आणि चाळीस जणांत तो पुरता एकट्याने पाळला होता. बाकी आम्ही बहुतेकांनी, अगदी माझ्यासकट, कचरा दुसऱ्याच्या हातात दिला होता. मी काहीतरी पुटपुटले, की बघू, प्राचार्यांशी बोलते.

"थांबा मॅडम," विनीत म्हणाला. "ह्यातलं एक माझं नाय."

त्याने गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि चिखलाने माखलेली एक लांब गुंडाळी ओढून काढली. एक टोक जेन्सनने धरलं, एक त्याने, आणि दोघं मागे मागे सरकत गेले. आधी 'समुद्र' दिसलं. मग 'स्वच्छ'. मग कोपऱ्यात माझं कपाळ, डोळे आणि हसरा चेहरा. चारी कोपऱ्यांना सुतळ्या तशाच होत्या, आम्ही सुरूच्या दोन झाडांना बांधलेल्या. फोटो काढून झाल्यावर मीच सगळ्यांना बसकडे पिटाळलं होतं, उशीर होतो म्हणून.

 माझ्या हातात एकशे दहा ग्रॅमची पिशवी तशीच होती.

"परवा सांगनार होतो," विनीत म्हणाला. "तुमच्या पिशवीत मावनार नाय, म्हनून मीच घेऊन आलो."