माझी चूक, अण्णाची चूक

"ही चूक माझी, की अण्णाची?"

डाव हरले की माझे शेजारी चष्मा कपाळावर चढवत, दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवत आणि हा प्रश्न विचारत. मला नव्हे, समोरच्या पडद्याला. पडद्यावर तोवर कुठल्यातरी दूरदेशीच्या खेळाडूचे टोपणनाव आणि त्याचे वाढलेले गुण दिसू लागलेले असत.

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी मागे वळून पाहिले होते. मला वाटले, खोलीत आणखी कोणी आहे.

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, गणिताचे शिक्षक. त्यांना जाऊन काही वर्षे झाली होती. पण जाण्याच्या पुष्कळ आधीच ते घरातून हळूहळू नाहीसे होत गेले होते. प्रथम शब्द गेले. छत्रीला ते 'पावसाचं ते' म्हणू लागले. मग रस्ते गेले, मग माणसे. शेवटी धाकट्या भावाला त्यांनी वडिलांच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. ज्या वयात अण्णांचे हे सुरू झाले, त्या वयाला आता हे पोचले होते. म्हणून ते संगणकावर बुद्धिबळ खेळत. करमणूक म्हणून नव्हे. ज्याला तापाची धास्ती आहे तो रोज काखेत थर्मामीटर लावून पाहतो, तसे.

"डॉक्टर काय विचारतो? आज वार कुठला. वार तर भिंतीवर लिहिलेला असतो," ते म्हणत. "इथं तसं नाही. इथं समोरचा माणूस सांगतो, डोकं आहे की गेलं."

त्यांचे नाव मी लिहीत नाही. चेन्नैतल्या मैलापूरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'मराठी सार', म्हणजे मराठी सर, म्हणत, आणि तेवढी ओळख पुरेशी आहे. माझ्यासमोरच्याच दारात ते एकटे राहत. पत्नी वारलेली, मुलगी दूरच्या उपनगरात, पेरुंगुडीला. आयुष्यभर एका विमा कचेरीत ते लघुलेखक होते. साहेब बोलत आणि हे लिहून घेत. तंजावरकडच्या ज्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहून घरात मराठी टिकवली, त्यांपैकी हे एक. मी नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली. ओएमआर या हमरस्त्यावरच्या एका कचेरीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे, आणि बोलण्याचे प्रसंग शक्यतो टाळत असे. दारावरची माझी पाटी वाचून एका रविवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली.

"तुम्ही आमच्यातल्या, की तिकडच्या?"

"तिकडची," मी म्हणाले.

"सरी. परवा नाही," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, चालेल. जणू मी एखादे व्यंग कबूल केले होते आणि त्यांनी ते उदार मनाने पोटात घातले होते.

त्यांच्या मराठीला तमिळची चाल होती. 'सगळं' याला ते 'अस्कं' म्हणत, आणि भाजीवालीपासून माझ्यापर्यंत प्रत्येक बाईला 'अम्मा'. त्या दिवशी त्यांचे काम साधे होते. त्यांचा उजवा हात थरथरत असे, माउस भलत्याच घरात सुटे, आणि मग ती चूक ना त्यांची ठरे ना अण्णांची. "हाताच्या चुकांनी हिशेब बिघडतो," ते म्हणाले. "मी चाल सांगतो. तुम्ही फक्त तशी करायची." बदल्यात ते मला बुद्धिबळ शिकवणार होते. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते. त्या वयात नवे काही शिकायचे म्हणजे चारचौघांत लाज वाटते. पण तिथे चारचौघे नव्हतेच.

पहिली अडचण भाषेची आली. मी लहानपणी ऐकलेली नावे म्हणत होते: वजीर, उंट, हत्ती.

"उंट कुठला, अम्मा? चेन्नैत उंट आहे का? घोडा ठीक, तो तरी बीचवर मिळतो." मग पडद्यावरच्या वजिराकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ह्या राणीला वजीर म्हणता? मग तुमच्याकडं राणी कुठं गेली?"

"राणी नसतेच. राजा आणि वजीर. वजीर म्हणजे मंत्री."

"मंत्री तर हा," असे म्हणून त्यांनी उंटाच्या टोकावर बोट ठेवले. तमिळमध्ये उंटाला मंत्री म्हणतात, हे मला तेव्हा कळले. घर त्यांचे, संगणक त्यांचा. म्हणून भाषाही त्यांचीच ठरली. राजा, राणी, मंत्री, घोडा, हत्तीच्या जागी कोट, प्यादे. काही आठवड्यांत माझ्या कानांना ती इतकी सवयीची झाली की 'मंत्री' म्हटले की माझा हात आपोआप उंटाकडे जाई.

रविवारची सकाळ म्हणजे आधी फिल्टर कॉफी, मग एक डाव, आणि मग त्या डावाची चिरफाड. ब्रॉडबँड अधूनमधून तुटे आणि तुटला की डावाचे घड्याळ त्यांच्याच नावावर पळत राही. ते मात्र शांत असत. वायरची चूक ते वायरच्या खात्यावर टाकत. प्रतिस्पर्धी कुठकुठले असत. एकाने डाव संपल्यावर इंग्रजीत 'जी जी' अशी दोन अक्षरे पाठवली. 'चांगला डाव झाला' याचे ते लघुरूप. पण लघुलेखकाला ते ठाऊक नव्हते.

"फार अदबीचा माणूस आहे," ते म्हणाले. "एक जी पुरे होता."

डावाची चिरफाड लाकडी पटावर होई, आणि ती शेवटाकडून सुरू होई. मात झाली त्या चालीपासून एकेक पाऊल मागे, जिथे डाव पहिल्यांदा वाकला त्या घरापर्यंत. मी एकदा सुचवले की संगणकाला विचारले तर तो क्षणात चूक दाखवील. त्यांनी मान हलवली. "तो चूक दाखवतो. चूक का झाली ते दाखवत नाही. मला फक्त 'का' पाहिजे."

आणि खरेच, ते 'का' शोधत. लोभाने प्यादे मारले असेल तर त्यांचा चेहरा खुले: "ही माझी. मी लहानपणापासून हावरा." घाईची चूक त्यांची, भीतीची चूक त्यांची, समोरच्याला कमी लेखल्याची चूक तर नक्कीच त्यांची. पण एखाद्या वेळी त्यांनी तिरका रोखलेला मंत्री पाहिलेलाच नसे. तो तिथे आहे हे आधीच्या चालीला ठाऊक असे, आणि पुढच्या चालीला नसे. त्या घरावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहत. कॉफीवर साय धरे. त्या दिवशी ती चूक कोणाची, हे ते मोठ्याने म्हणत नसत, आणि मीही विचारत नसे.

आपल्यापैकी पुष्कळांनी अशी माणसे पाहिली असतील, जी आपल्या आजाराची वाट पाहत दारात उभी असतात. त्यांना धीर देणे अवघड असते. ती आपल्या धीराचीही चिरफाड करतात.

मार्गळी महिना होता, डिसेंबरअखेरचे दिवस. गल्लीत दारोदार पहाटेपासून कोलमची रांगोळी रेखलेली, कुठल्यातरी संगीतसभेतला मृदंग वाऱ्यावर ऐकू येत होता. त्या रविवारी ते फार चांगले खेळत होते. एवढे मलाही कळत होते. कारण समोरचा माणूस प्रत्येक चालीला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत होता. त्याच्या राजापुढच्या कडेच्या प्याद्यावर आमची राणीही रोखलेली होती आणि मंत्रीही. ते पुढे झुकले. हात थरथरत नव्हता.

"मंत्री द्या," ते म्हणाले. "कडेचं प्यादं घ्या."

मी मंत्र्याने प्यादे घेतले. समोरच्याने घोड्याने मंत्री मारला, आणि आमच्या हल्ल्यातली हवाच गेली.

"हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत ते. मंत्री दिला."

"राणी म्हणालो मी."

"मंत्री म्हणालात, काका."

घड्याळ आमच्या नावावर चालत होते. त्यांनी ते चालू दिले. वेळ संपली, डाव गेला, समोरच्याने आपली दोन अक्षरे पाठवली. मग त्यांनी लाकडी पट ओढला आणि तीच स्थिती मांडली. राणीने प्यादे घेतले, घोड्याला ती मारणे भाग पडले, मग मंत्री, मग कोट. समोरच्या राजाला कुठेच जागा उरत नव्हती. त्यांनी त्या दिवशी राणीचा बळी देऊन मात पाहिली होती. मी त्यांच्याबरोबर इतके डाव खेळले. पण इतके सुंदर काही त्या खोलीत दुसरे कधी घडले नाही.

"चाल बरोबर होती," मी म्हणाले. "मन बरोबर होतं. माझ्याच ऐकण्यात काही चुकलं असेल."

"अम्मा, अस्कं आयुष्य मी दुसऱ्याचं ऐकून लिहिलं. ऐकण्यात चूक होते तेव्हा ऐकणारा क्षणभर अडखळतो. तुम्ही अडखळला नाहीत." त्यांनी राणी परत तिच्या घरात ठेवली. "चाल राहिली. शब्द गेला. अण्णाचेही आधी शब्दच गेले."

मला तेव्हा एक गोष्ट सुचली आणि ती मला अगदी निर्णायक वाटली. मी म्हणाले, आपल्या जुन्या खेळात राजाशेजारी राणी नसतेच, मंत्रीच असतो. वजीर म्हणजे तोच. तुम्ही चूक बोललाच नाहीत, तुम्ही जुनी मराठी बोललात. लहानपणी घरात कोणी तसं म्हणत होतं का?

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"आजोबा," ते म्हणाले. "तंजावरला. कापडाचा पट होता. राजाच्या बाजूला मंत्री. हो, मंत्रीच म्हणत ते. मी अस्कं विसरलो होतो."

"मग झालं तर," मी म्हणाले. मला फार हलके वाटले.

तो उजेड मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला, आणि तो जातानाही पाहिला. त्यांनी राणी उचलून मुठीत धरली.

"अण्णाही शेवटी आजोबांचेच शब्द बोलत होता," ते म्हणाले. "मधली अस्की वर्षं त्यानं सोडून दिली होती."

त्यानंतर त्यांनी घड्याळाचे डाव बंद केले. दोन-तीन दिवसांत एक चाल पाठवायची असा एक संथ डाव तेवढा ठेवला. तो फिनलंडमधल्या कोणा बाईंशी चालला होता. सोंगट्यांची नावे घेणेही त्यांनी सोडले. आता ते नुसती घरे सांगत: अमुक अक्षर, अमुक आकडा, तिथून उचला, इथे ठेवा. त्या अक्षर-आकड्यांत चुकायला जागा नव्हती, असे त्यांना वाटत असावे. शिकवणेही थांबले. कधी मी चुकून 'उंट' म्हणून गेले तरी ते चेष्टा करत नसत.

उन्हाळ्यात एकदा ते कपालीश्वराच्या देवळाच्या तळ्याकाठी उभे सापडले. घर डाव्या हाताला की उजव्या, ते ठरत नव्हते. फुलवाल्याने ओळखून घरी पोचवले. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी आली. तिने चार पिशव्या भरल्या, गॅस बंद केला आणि माझ्याकडे किल्ली दिली. जिना उतरताना ते मला म्हणाले, "डाव माझा आहे अजून. चाल यायची आहे." मुलगी म्हणाली, "येईल, अप्पा. तिकडं कंप्यूटर आहे." तिकडे संगणक होता. पण त्यांना त्यापुढे बसवले की ते उठून बाल्कनीत जात, असे तिने मला नंतर फोनवर सांगितले.

फिनलंडच्या बाईंची चाल आली. मग मुदत संपत आली. बाईंनी डावाखाली एक ओळ लिहिली होती, प्रकृती बरी आहे ना, सावकाश खेळा. तो डाव मला पाहता येत असे, कारण तोवर मीही त्या संकेतस्थळाची सभासद झाले होते. पण दुसऱ्याच्या पटावर चाल करता येत नाही. मुदत संपली. पडद्यावर निकाल लागला: वेळेअभावी पराभूत.

मी तो डाव लाकडी पटावर मांडला. शेवटाकडून, त्यांनी शिकवले होते तसा. एकेक पाऊल मागे जात राहिले. कुठे डाव वाकलेला नव्हता. लोभ नव्हता, घाई नव्हती, न पाहिलेला मंत्री नव्हता. मी पुन्हा मांडला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्यांच्या एकाही चालीत मला चूक सापडली नाही. अर्थात मी उशिरा शिकलेली, कच्ची खेळाडू. मला चूक न सापडणे हा काही पुरावा नव्हे. तरीही मला वाटले, हे त्यांना सांगायला हवे. आणि त्यांच्यासाठी याहून मोठी बातमी जगात नव्हती.

पेरुंगुडीच्या त्या घरातून नव्या इमारतींचे सांगाडे दिसत. ते बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि फार वेळ मनात जुळवलेले वाक्य सांगितले.

"काका, तुमचा तो शेवटचा डाव मी अस्का पाहिला. त्यात चूक नाही. एकही नाही."

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग हात जोडून, पाहुण्याशी बोलावे तशा शुद्ध, आदबशीर तमिळमध्ये म्हणाले, "रोम्ब संतोषम्." फार आनंद झाला. आणि दारात उभ्या असलेल्या मुलीकडे वळून, आवाज खाली आणून, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी मराठीत विचारले, "ह्या कोण? ह्यांना आपली भाषा कळते का?"

मुलगी माझ्याकडे पाहू लागली.

"थोडी कळते," मी म्हणाले.