बोट ठेवलं की पळणारी ओळ

वारंगा फाट्यावर एसटी चहाला थांबली होती, तेव्हा दाजींचा फोन आला. "सुमे, तुझी ताई गेली..." एवढंच म्हणाले. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की ताई इतकी भित्री, एकटी कशी गेली असेल? काही आठवडे उलटले, तरी तो प्रश्न मनातून हलत नाही.

शालूताई माझी चुलत बहीण. हिंगोलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. विजा, कुत्री, समोरून येणारा ट्रक, तिला सगळ्याचीच धास्ती. "तू तर स्वतःच्या सावलीला भिशील," असं मी चिडवायचे. वाचताना ती ओळीवर बोट ठेवायची आणि कुणी बोलायला आलं तरी उचलायची नाही. "बोट उचललं की ओळ पळती," म्हणायची. हळद शिजवणाऱ्या बायकांच्या बोलीवर तिचं संशोधन चाललं होतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातले शोधनिबंध घरबसल्या मिळू लागले, ते धुंडाळून देणारा एआय मदतनीसही आला. मीच तिला तो मोबाइलवर शिकवला. ती त्याला चक्क अहो-जाहो करायची. "अहो, तकलीफ देते, जरा बघता का..." मला हसू आवरायचं नाही. सवयीनं ती पडद्यावरच्या ओळीवरही बोट टेकवायची. मग ओळ खरंच पळायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा मदतनिसानं तिला हवा तस्साच निबंध सांगितला. लेखक, वर्ष, पृष्ठ, सगळं. ताई हरखली. आम्ही त्या नियतकालिकाचा अंक उघडला, तर त्या पानावर दुसराच लेख. तो निबंध कुणी लिहिलेलाच नव्हता.

"काहून गं असं करून राहिलं हे?" ती म्हणाली. "न्हाई म्हणायला याची जीभ काहून अडती?"

"ताई, मशीन आहे. चुकतं कधी कधी."

"चुकलं त्याचं भ्या न्हाई सुमे. माझ्या मनातलं बराबर वळखून खोटं बोललं, त्याचं भ्या वाटतं."

मदतनीस तिनं सोडला नाही, पण त्या दिवसापासून "पान दाखवा" हे पालुपद धरलं. पुतणीसाठी स्थळ घेऊन आलेले पाहुणे मुलाचे गोडवे गाऊ लागले, तर त्यांनाही म्हणाली, "पान दाखवा." आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसलो.

ती गेल्यावर कॉलेजनं स्मृतिअंक काढायचं ठरवलं आणि तिच्या लेखनाची यादी माझ्याकडे मागितली. मी मदतनिसालाच विचारलं. त्यानं चार लेख सांगितले. तीन मला ठाऊक होते. चौथा, 'वाफेतले शब्द'... मला रडू कोसळलं. किती तिचं होतं ते नाव! खाली 'तपासून घ्या' असं लिहिलेलं डोळ्यांना दिसलं, मनानं वाचलं नाही. शेवटी तिच्याच धाकानं मी लिहिलं, पान दाखवा. उत्तर आलं, क्षमस्व, असा लेख आढळत नाही.

चौथं नाव मी खोडलं. यादी तशीच पाठवली असती तर तो लेख तिच्या नावावर छापला गेला असता. उद्या कुणी 'पान दाखवा' म्हटलं असतं, तर दाखवायला स्मृतिअंकाचं छापील पानही मिळालं असतं. कधी नव्हतीच अशी एक ताई उभी राहिली असती, आणि मला ती आवडली असती.

मग मला माझीच भीती वाटू लागली. उरलेल्या तीन लेखांतला एक कुठेच सापडेना. तो मी खरंच वाचला होता, की वाचला असं मला वाटत होतं? माझं मनही तिच्याबद्दल मला हवं तेच गोड बोलत नसेल कशावरून?

परवा तिच्या खोलीत गेले. दाजींनी कपाट उघडून दिलं. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात तो लेख निघाला. समासात हळदीचा डाग होता, स्वयंपाकातून उठून आलेल्या बोटाचा. मी त्यावर माझं बोट ठेवलं.

"घावलं का?" दाजींनी विचारलं.

"व्हय."

"मग आण इकडं, फोटू काढून कॉलेजात धाडतो."

"थांबा दाजी... जरा थांबा," मी म्हणाले. बोट उचलायची मला भीती वाटत होती.