कपडे वाळत घालायची केबल

बायको जाऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा चेअरमन आला. आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. सुतकाच्या घरात कोणी चहा घेत नाही, म्हणून घर सांभाळायला आलेल्या माझ्या वहिनीनं विचारलं नाही. तो पडवीत बसून पावसाकडे बघत राहिला. मी चटईवर. मला रडू येत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती. बाकी काही नाही.

शेवटी तो म्हणाला, "तात्या, आता विचारू नये, पण चार दिवसांनी मासेमारीची बंदी उठता. अँटेनाचो खांब नवो उभारलो. केबल खंयची घालू?"

"आणलीस कुठली?"

त्यानं पिशवीतून तुकडा काढला. करंगळीच्या अर्ध्याएवढी जाड. सत्तर मीटर घेतली होती. बोटींशी बोलायचा वायरलेस सेट जेटीवरच्या खोलीत आणि खांब टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी.

"ह्या केबलीनं शेजारच्या म्हशीशीसुद्धा बोलता येणार नाही."

"दुकानदार म्हणालो, चलतली."

"मग त्याला होडीत घाल आणि तेरेखोल नदीच्या मुखाबाहेर नेऊन सोड. बघू किती चलता ती."

मी चौथी शिकलेला. पण डिचोलीच्या एका खाणीवर तेवीस वर्षं वायरलेसच्या खांबांवर चढलो, तेवढं मला कळतं. केबल वाटेत खाते. लांब असली की जास्त खाते, बारीक असली की आणखी जास्त. पंचवीस वॅटचा सेट लावलास तरी ह्या सत्तर मीटरांतून वर अँटेनाला जेमतेम एक पोचणार. बाहेरून येणारा आवाजही तसाच वाटेत मरणार. बोटीचं इंजिन बंद पडलं, माणूस बोंबलतोय आणि इथं नुसती खरखर. मी त्याला हे सगळं सांगितलं. काही शहाणे टीव्हीच्या डिशची केबल घालतात, तीही नको म्हटलं. ती सेटशी जुळत नाही.

"सेट वर ने. टाकीपाशी पंपाच्या खोलीत वीज आहे. मग वीस मीटर पुरे. पण बोटाएवढी जाड हवी."

"जाड म्हापशात ना. मागवली तर आठ दिवस."

आणि मग तो वळला. मागच्या पडवीकडे बघत होता.

खाण बंद झाली तेव्हा तसलीच जाड केबल मी उरलेली म्हणून घरी आणली होती. काथ्याची दोरी पावसाळ्यात कुजते म्हणून बायकोनं ती मागून घेतली. पडवीच्या खांबांवरून तीन फेऱ्या मारल्या. मी ओरडलो होतो, "कोपऱ्यात मोडू नकोस, गोल वळव." ती म्हणाली, "कपड्यांना काय कळतंय?" पण गोल वळवली.

तिचं लुगडं आणि दोन पोलकी अजून वर होती. कोणी काढली नव्हती.

मी पकड घेतली. केबलीचं टोक कापलं. आत तांब्याची जाळी काळी. खारट हवा आत शिरलेली. आणखी हातभर कापलं, काळीच. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गेली म्हणून सांगून मोकळा झालो असतो. तिसऱ्यांदा कापलं तर तांबं लखलखीत. दुसरं टोकही तसंच. मीटर लावून बघितलं, मधली तार आणि जाळी कुठं एकमेकांना लागत नव्हती. मोजली. एकवीस मीटर.

"चांगली आहे," मी म्हणालो.

वहिनी आतून आली. "सुतकातली वस्तू बाहेर जायची नाही हां. बोटीवरच्या माणसांचा जीव आहे."

चेअरमन लगेच उठून उभा राहिला. खारव्याला समुद्राचं भय असतं तसंच सुतकाचंही. "ना, वहिनी. अशी नेवची ना."

"बाराव्याला सुतक फिटतं," मी म्हणालो. "बोटी त्याच दिवशी निघणार. मी स्वतः घेऊन येतो."

ते चार दिवस मी केबलीवरचे कपडे काढले नाहीत. बाराव्याला सकाळी भटानं घरात पंचगव्य शिंपडलं, मग मी लुगडं आणि पोलकी काढून घड्या घातल्या आणि केबल सोडवली.

टेकडीवर पाऊस होता. वर चेअरमनचा पुतण्या चढला, मी खालून सांगत होतो. जोडावर रबराची टेप खालून वर गुंडाळ, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पाणी आत जात नाही. खोलीत शिरायच्या आधी केबलीला खाली झोळ दे, थेंब तिथूनच गळू दे. सेटचं टोक मी जोडलं.

बोटी मुखाबाहेर गेल्या होत्या. मी बटण दाबून विचारलं, "ऐकू येतं काय?"

बटण सोडलं. मग स्वच्छ आवाज आला, इंजिनाच्या घरघरीसकट. "येता, तात्या. एकदम शेजारी बसल्यासारखो. बोलत रावा, आम्ही अजून भायर जातांव."

चेअरमन म्हणाला, "बोला, काय पण बोला."

काय बोलणार? बारा दिवसांत मी केबलीशिवाय कोणाशी काही बोललो नव्हतो. दहापर्यंत आकडे म्हटले. ते संपले.

"आज हिचं बारावं," मी म्हणालो. "घरी जेवण आहे. उशीर झाला तरी पान वाढून ठेवतो. या."

"येतो," तिकडून आलं. मागून आणखी एका बोटीवरून आलं, "आम्ही पण."

मी माइक चेअरमनच्या हातात दिला.