तिसरी फ्रेम

मास्तरांची जीभ कॅमेऱ्याच्या शटरपेक्षा जलद चालायची. ते इथे आखातात, हमरियाच्या एका फॅक्टरीत क्वालिटी तपासायचे आणि तिथला तो 'रिजेक्ट' शिक्का घरी येतानाही त्यांच्याकडे असायचा. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या वस्तीतून आम्ही चौघे एकाच गाडीने कामाला जायचो. आमच्या फोटोग्रुपचे गुरू तेच.

एका फोटोवर दुसरा, त्यावर तिसरा, आणि तेही कॅमेऱ्यातच, हा त्यांचा ध्यास. "आधी काळोख राखा," म्हणायचे. "पुढचं चित्र तिथेच उमटतं. उजेड काय, कधीही ओतता येतो." सुट्या फ्रेम ते कधीच साठवत नसत. "तुकडे जपले की माणूस भित्रा होतो. तिन्ही मिळून जे होईल ते आपलं."

ग्रुपच्या स्क्रीनिंगला मी खाडी ओलांडणाऱ्या अब्रा बोटींचा असा एक फोटो दाखवला. मास्तर म्हणाले, "हबीबी, हा तीन फोटोंचा अपघात आहे. पोलिसांना बोलवा." हॉलभर हशा. सगळ्यात जास्त हसली माझी दहा वर्षांची मुलगी. "बाबा, ही इज सो राइट." पुढचे आठ महिने रोज सकाळी मी गाडीत चढलो की मास्तर म्हणत, "अपघात आला. यल्ला, पट्टे लावा." मीही हसायचो. आत मात्र एकेक सकाळ दाताखाली धरून ठेवत होतो.

मग मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उपचारासाठी पुण्याला निघाल्या. आदल्या दुपारी आम्ही निरोपाच्या चहाला गेलो होतो. मास्तरांनी वहिनींना खिडकीशी उभं केलं. पहिली फ्रेम त्यांच्या काळ्या आकृतीची, दुसरी गॅलरीतल्या जाईची. तिसरीत वहिनींच्या पाककृतींच्या वहीतलं अक्षर भरायचं होतं. वही आणायला आत जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"धर. काही दाबू नकोस, अपघात."

वहिनी पाणी प्यायला वळल्या होत्या. मी कॅमेरा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे धरला आणि दाबलं. चुकून नाही. नीट फोकस करून.

मास्तर वही घेऊन आले तेव्हा स्क्रीन पांढरी होती. मी म्हणालो, "देतानाच तुमचं बोट लागलं वाटतं." ते स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले.

"पुन्हा उभी राहतेस?"

"आता नाही हो उभं राहवत," वहिनी म्हणाल्या. "परत आल्यावर काढा."

त्या दिवशी घरी येताना मी शीळ घालत होतो. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

वहिनी परत आल्या नाहीत. मास्तर आले, ते व्हिसा रद्द करण्यापुरते. ग्रुपच्या नव्या मुलांना त्यांनी शेवटचा धडा दिला. "कॅमेरा दुसऱ्याला देताना आपलं बोट कुठे आहे ते बघा. मी माझ्या बोटाने माझ्या बायकोला पुसलं." त्यांनी मला त्यानंतर अपघात म्हटलं नाही. विमानतळावर माझा खांदा दाबून म्हणाले, "यांना तू शिकव. तुझा हात स्थिर आहे."

सूड पुरा झाला होता. तो मला आजवर पचलेला नाही.

हे ज्यात छापून येतंय ती आपल्या मराठी मंडळाची स्मरणिका तुम्हाला अजून पोस्टाने येते, मास्तर. ते बोट माझं होतं. आता जे म्हणायचं ते म्हणा, आणि सगळ्यांसमोर म्हणा.