बोल्ड्याचा डोंगर कुठल्या हाताला?

"हिंगोलीकडे तोंड करून उभी राहा. डोंगर डाव्या हाताला," रिक्षा सुटेपर्यंत आप्पा बजावत होते. मी मान डोलावली आणि पर्समधला फोटो चाचपला. फोटोत डोंगर उजव्या हाताला होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांची पहिली नेमणूक बोल्ड्याची. वसमत आणि हिंगोलीच्या मधलं मीटरगेजवरचं छोटं स्टेशन. तिथला त्यांचा एकच फोटो घरात आहे. कोट घातलेले तरणेताठे आप्पा, मागे वाफेत बुडालेली गाडी, पुढे वळत गेलेले रूळ आणि वळणावर टक्कल पडल्यासारखा खडक असलेला डोंगर. फोटोत स्टेशनची पाटी नाही, इंजिनाचा नंबर वाफेत गडप.

मला आगगाड्यांची मॉडेलं करायचा नाद आहे. शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे घरच्यांनी हा नाद पोटात घातला. हा फोटो मी प्लायवूडवर उभा करायला घेतला. थर्माकोलचा डोंगर, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती, पुठ्ठ्याचे डबे. आप्पा रोज संध्याकाळी शेजारी खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "सगळं उलटं केलंयस." मी फोटो पुढे धरत असे. माझा भाऊ फोनवर म्हणाला, "त्यांचं वय झालंय आता. दुसरंच कुठलंतरी स्टेशन असेल." ते आप्पांनी ऐकलं. तेव्हापासून आज गुरुवारच ना, गोळी घेतली ना, हे ते दोनदोनदा विचारू लागले. ज्या माणसाला गाड्यांच्या वेळा झोपेतही पाठ, तो वार विचारतो हे मला बघवेना. डोंगर चुकला असता तर आप्पांचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वासही गेला असता. त्यात ती लाइन रुंद होणार, मीटरगेजचे रूळ उखडणार, अशा बातम्या येत होत्या. मी नवऱ्याला म्हटलं, "श्रीकांत, चला हिंगोलीला." तो बिचारा महाबळेश्वर म्हणत होता.

नाशिकहून निघून सकाळी पूर्णेला उतरलो. मोठ्या गाडीतून उतरून मीटरगेजच्या डब्यात शिरलं की थोरल्या घरातून भातुकलीत आल्यासारखं वाटतं. समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लागतात, त्यामुळे ओळख करून घ्यावीच लागते. आमच्यासमोर तांड्यावरची एक बाई होती, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि आरसे लावलेली काचोळी. तिच्या मांडीवर डहाळ्यांची (हरभऱ्याच्या हिरव्या झुडपांची) जुडी होती.

"कुटं जाऊन राहिले तुमी?"

"बोल्ड्याला."

"काहून? तिथं काय बी न्हाई. नुस्ता डोंगर हाय."

"डोंगरच बघायचाय," मी म्हटलं. ती एवढी हसली की तिच्या हातातले घाटे सांडले. मग तिने अर्धी जुडी आमच्यापुढे सरकवली. वसमत गेलं, हट्ट्याकडची दोन माणसं चढली, आणि घाटे सोलत आम्ही चांगलेच रुळलो. बाहेर काळी रानं, वाळत आलेली तूर, वेचणी होऊन गेलेल्या कापसाची चुकार बोंडं. एके ठिकाणी गाडी चढावर इतकी हळू झाली की दोन पोरं उतरली, डहाळा उपटून धावत परत चढली. गार्डने शिट्टी वाजवली, पण रागाने नव्हे.

बोल्ड्याला आम्ही दोघंच उतरलो. मी हिंगोलीकडे तोंड केलं. डोंगर डाव्या हाताला! मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली आणि लगेच फोटो आठवला. आप्पांची आठवण बरोबर होती, पण मग हा फोटो इथला नव्हता. पूर्णेकडे तोंड करून पाहिलं. आता डोंगर उजवीकडे आला, पण त्या बाजूला रूळ सरळसोट जातात. फोटोत वळण आहे. म्हणजे आप्पा बोल्डा विसरले नव्हते, पण स्वतःचा फोटो कुठला हे विसरले होते. हे घरी कसं सांगायचं?

रुळाच्या कडेला कौसाबाई नावाची धनगराची म्हातारी शेळ्या चारत होती. तिला फोटो दाखवला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

"खडक आमच्या खडकावानी दिसून राहिला बाई. पण ही जागा आमची न्हाई. चुलतभाऊ आसंल त्याचा."

श्रीकांतने तेवढ्यात बुटातला काटा काढायला म्हणून शेळ्यांच्या कळपातल्या दगडावर बैठक मारली आणि एका बोकडाने त्याचा रुमाल खाल्ला. "महाबळेश्वरला बोकड नसतात," एवढंच तो म्हणाला.

जीपच्या मागच्या फळीवर बसून हिंगोली गाठली. खानावळीत पिठलं, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांतला दाढी करायची होती. स्टँडसमोर धूळ फार, म्हणून मीही सलूनमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्रात तोंडं खुपसली. मी पर्समधून फोटो काढला आणि त्याच्यावर डोळे वटारून बसले. मग सहज मान वर केली. समोर भिंतभर आरसा. आरशात श्रीकांतचं फेसाळलेलं तोंड, त्याच्यामागे मी, माझ्या हातात फोटो. आणि फोटोत डोंगर डाव्या हाताला.

मी किंचाळले.

"ओ ताई! काय झालं हो? हात हालला की माजा!" सलूनवाला ओरडला. श्रीकांतच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला.

फोटो उलटा छापलेला होता! निगेटिव्हची काच पालथी धरून कोणीतरी तो कागदावर उतरवला होता. पुरावा तर आप्पांच्या छातीवरच होता. पेन अडकवलेला कोटाचा खिसा उजव्या बाजूला. उजव्या छातीवर खिसा कुठला शिंपी शिवतो? आता वाचणाऱ्याला वाटेल, बाईला एवढं कळू नये? मलाही तेच वाटतं. फोटोत सिग्नलचा हातसुद्धा चुकीच्या बाजूला होता, तर मी 'आपण तो मागून बघतोय' असं ठरवून मोकळी झाले होते. मॉडेलात तो तसाच लावलाही होता. आपल्याला पाहिजे ते पटवून घ्यायला अक्कल कमी पडत नाही.

सलूनवाल्याने श्रीकांतच्या हनुवटीला तुरटी लावली, गोष्ट ऐकली आणि मान मागून दाखवायचा छोटा आरसा माझ्या हातात दिला. "जाऊन या. परत तेवढा आणून द्या. त्याच्याबिगर तकलीफ हुती."

पुन्हा बोल्डा. मी वळणाकडे तोंड करून उभी राहिले, फोटो छातीशी धरला आणि आरशातला फोटो समोरच्या डोंगराशी ताडून पाहिला. खडक खडकावर, वळण वळणावर. थोडं मागे, थोडं डावीकडे सरकले आणि सगळं तंतोतंत जुळलं. माझे आप्पा इथे उभे होते. माझ्या आत्ताच्या वयाच्या निम्मे, नवा कोट घालून. मी तिथेच रडले. श्रीकांतने खिसे तपासले, पण रुमाल बोकडाने खाल्लेला.

कौसाबाई शेळ्या सोडून आली. तिने आरशात डोकावलं.

"व्हय, आता बराबर! ह्यो आमचाच. आन् ह्यो कोन?"

"माझे वडील. इथं मास्तर होते. त्यांना वाटतंय, त्यांना सगळं विसरायला होतं."

"त्यान्ला सांगा," ती म्हणाली, "डोंगर जिथल्या तिथंच हाय."

आरसा परत केला. सलूनवाल्याने डोंगर जुळला का ते विचारलं आणि चहा पाजला.

परतीच्या गाडीत मी फोटोचाच विचार करत होते. आपण कागदावर फार भरवसा ठेवतो. माणूस आणि कागद यांचं पटलं नाही की माणसालाच वेड्यात काढतो. कागदाला कोणी दोनदा विचारत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा आप्पा मॉडेलपुढे बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "मी विचार केला. तू केलंयस तेच बरोबर असेल. माझा घोळ होतो हल्ली."

मी त्यांना हाताला धरून कपाटाच्या आरशापुढे उभं केलं आणि फोटो त्यांच्या छातीशी धरला. त्यांनी आरशातल्या डोंगरावर बोट ठेवलं. "डाव्या हाताला."

"डाव्या हाताला, आप्पा. फोटो उलटा छापलाय. तुम्ही पहिल्यापासून बरोबर होतात." कौसाबाईचा निरोपही सांगितला. आप्पा ताठ उभे राहिले, पण मग चेहऱ्यावर एक शंका आली.

"मग गेल्या आठवड्यात मी जेवलो नाही म्हणत होतो, तेही खरंच असणार."

हो म्हणणं सोपं होतं. श्रीकांत मला खुणावतही होता. पण मला त्यांना खोटं सांगवेना.

"नाही आप्पा. त्या दिवशी तुम्ही जेवला होतात. मीच वाढलं होतं, वरणफळं."

आप्पांनी पुन्हा आरशात पाहिलं.

"डोंगर मात्र डाव्या हातालाच?"

"डाव्याच."

"मग जेवलो असेन," आप्पा म्हणाले, आणि मॉडेल कापायला करवत कुठे आहे ते विचारू लागले.