चमच्यापासून ओठांपर्यंत

पाकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेची शेवटची तीन मिनिटं उरली होती. सुमेधाची आमटी उकळत होती आणि चमचा तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला होता. न चाखता पुढे केलेला पदार्थ आम्ही परीक्षक नापास करतो.

"सुमेधा, वेळ संपतेय."

"मॅडम, आमच्या घरी नैवेद्याआधी चाखत नाहीत. उष्टं होतं. हात पुढे जातच नाही."

वर्षभर माझ्या वर्गात तिने शेजारच्या ओट्यावरच्या मुलीकडून चाखून घेतलं होतं. आज ती सोय नव्हती. हिला मसाल्याच्या कारखान्यात चव तपासण्याची नोकरी हवी आहे. तिथे दिवसभर चाखायचं, हेच काम. मला "चाख" म्हणता येत नव्हतं, परीक्षकाने सुचवायचं नसतं.

माझी आईही कधी चाखायची नाही. मीठ कमी पडलंय, हे तिला बाबांच्या कपाळावरच्या आठीवरून कळायचं.

सुमेधाने डोळे मिटून चमचा तोंडात घातला.

"अळणी आहे," ती पुटपुटली आणि मिठाकडे वळली.

तिला ते कुणाच्या कपाळावर वाचावं लागलं नव्हतं.