न्हाव्याच्या दुकानातलं बोलणं

त्या दुपारची आठवण आली की, आजही मी उठून घराचं दार आतून उघडतंय ना, हे पाहून येतो.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. कडेगावच्या बाजूला एका बाजाराच्या गावात मी फौजदार होतो. गावात मुसलमानांची चार-पाच घरं होती. त्यांतल्या एका शिंप्याच्या दाराला कुणीतरी भर दुपारी बाहेरून कडी घातली आणि छपराला घासलेट ओतून आग लावली. शिंपी आठवडी बाजारात होता. आत त्याची बायको, बाळंतीण सून आणि दहा दिवसांचं मूल. शेजारच्या म्हाताऱ्यानं पहारीनं मागची कच्ची भिंत फोडली, म्हणून तिघं वाचली. सुनेचे दोन्ही हात भाजले.

पंचनाम्याच्या वेळी, कडीचा आवाज आतून ऐकलेली शिंप्याची बायको मला म्हणाली, "कडी घालताना त्यानं घाई केली न्हाई, सायेब. सावकाश घातली."

हे ऐकून मी घाबरलो. चोर घाई करतो, वैरीही करतो. हा माणूस मात्र परवानगी मिळालेलं काम करावं तसा वागला होता. शिंप्याचं कुणाशी भांडण नव्हतं. साक्षीदार पुढं येत नव्हता. बाकीच्या मुसलमान घरांनी आपापल्या दारांच्या बाहेरच्या कड्या उपटून टाकल्या. लाकडातली ती भोकं मी गस्तीवर रोज पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावचा न्हावी ठाण्याच्या मागच्या दारानं आला. आपण आलो हे कुणाला कळू नये, अशी त्यानं आधी हात जोडून विनंती केली. मग सांगू लागला. त्याच्या दुकानात साताऱ्याहून आलेलं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जाई. उत्तरेकडच्या कत्तलींच्या बातम्या असत. मग कुणी म्हणे, इथल्यांनाही हाकललं पाहिजे. कुणी म्हणे, कोर्टकचेऱ्या आणि मतं काय कामाची, हुकूम सोडणारा एकच माणूस पाहिजे. सुरुवातीला दोघं-तिघं बोलत आणि बाकीचे मान खाली घालत. पुढं बाकीचे हसू लागले. नंतर सगळेच बोलू लागले.

मी सगळ्यांत मोठ्यानं बोलणारे चौघं उचलून आणले. दोन दिवस चौकशी केली. एक तर रडलाच. "आमी नुस्तं बोलत हुतो," एवढंच चौघं सांगत राहिले. ते खरंही होतं. आग लागली तेव्हा तिघं बाजारात आणि चौथा मळ्यात होता, याचे साक्षीदार मिळाले. चौघांना सोडून मी न्हाव्याला पुन्हा बोलावलं आणि आणखी कोण येतं, ते विचारलं.

त्यानं आधी मागचं दार लोटून घेतलं. "एक जण रोज येतो. पर त्यो बोलत न्हाई. ऐकतो."

तो लढाईवरून परतलेला शिपाई होता. पंचविशीचा, नम्र, स्वतःची शेती नीट करणारा. त्याच्या लग्नाचा कोट त्याच शिंप्यानं शिवला होता. ठाण्यात येऊन तो ताठ उभा राहिला. त्याच्यावर हात उगारावा लागला नाही. उसाच्या फडात लपवलेली घासलेटची बाटली त्यानं स्वतःच पंचांसमोर काढून दिली. मग जबाब सुरू झाला. मी विचारत होतो, रायटर हवालदार लिहीत होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"समद्यांनी."

"एकाचं नाव सांग."

त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता. "तुमी, सायेब. तुमी म्हनला हुता, आठ दिस कायदा बाजूला ठिवा, समदा तालुका साफ करून दावतो. म्या म्हटलं, सायबाला करता येत न्हाई, आपन करू."

मी दर रविवारी त्याच दुकानात दाढी करत असे. हे वाक्य मी बोललो होतो. तोंडाला साबण होता आणि सगळे हसले होते.

हवालदाराचा टाक थांबला. "हे लिहू का, साहेब?"

"गरज नाही," मी म्हणालो.

सेशन कोर्टानं त्याला शिक्षा दिली. शिंपी घरच्यांना घेऊन लोणंदला गेला आणि तिथून रेल्वेनं कुठं गेला, ते कळलं नाही.

निकालानंतरच्या रविवारी मी दुकानात गेलो. तेच बोलणं पुन्हा चालू होतं. जुगाराचा विषय असता तर पोलिसाला पाहून आवाज खाली आला असता. इथं मला बसायला जागा करून दिली गेली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, "त्या पोरानं जबाबात माझं नाव घेतलं होतं. मी ते लिहू दिलं नाही. त्यानं तुम्हा सगळ्यांचंही नाव घेतलं होतं."

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी थांबला. पुढं नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले. हत्यार कुठून आलं, हे शोधायला मला शिकवलं होतं, ते शोधतही राहिलो. पण परवानगी कुठून येते, हे त्या दुकानात समजलं. ती कुणी एक जण देत नाही, म्हणून कुणाला बेड्या घालता येत नाहीत.

मी वळलो तेव्हा रोज मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवणारे वयस्क गृहस्थ माझ्यामागून पायरीपर्यंत आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारू लागले, "सायेब, माजं काय म्हनला त्यो?"